साताऱ्याहून समुद्राकडे

सातारा,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय शुभे,

तुझा लांबलचक आवाजी निरोप ऐकला. गिअरची सायकल घेतलीस, रोज सकाळी खाडीपर्यंत जाऊन येतेस, डोंबिवलीतले रिक्षावाले आता तुला ओळखायला लागलेत, सगळं कळलं. आणि शेवटी फर्मान काय, तर "दिवाळीनंतर येते, मला कास दाखव." ये की! पण कासच्या आधी माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी आहे. मोबाइलवर तुकडे तुकडे लिहीत बसण्यापेक्षा सरळ पत्र लिहिते.

साताऱ्यातून निघायचं आणि समुद्र आला की थांबायचं. तीन दिवस चालवायचं, चौथा दिवस भटकायला. पठार, जंगल, घाट, खाडी, सगळं एकाच रस्त्यात. शिवाय सोबतीला पाणी. ते कसं, सांगते. कोयना निघते महाबळेश्वरला, दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. म्हणजे रीतसर तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जायचं. पण धरणातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या बाजूला सोडतात, त्यावर वीज करतात, आणि ते पाणी वाशिष्ठीत जाऊन दाभोळला समुद्राला मिळतं. भूगोलाच्या पेपराला आपण हे घोकलं होतं, आठवतंय? आपला रस्ताही तस्साच जातो. पाटणपासून कोयनेच्या कडेनं वर, कुंभार्ली घाटातून खाली, आणि मग वाशिष्ठीच्या मागं मागं.

पहिला दिवस सगळ्यात अवघड, हे आधीच सांगून ठेवते. महामार्गानं उंब्रज आणि तिथून मल्हारपेठ, पाटण असा सोपा रस्ता आहे, पण ट्रक कानाशी भोंगे वाजवत जाणार असतील तर एवढ्या लांब यायचं कशाला? आपण बोगद्यातून सज्जनगडाच्या अंगानं निघायचं. उजेड व्हायच्या आत बाहेर पडलो तर गड उन्हात उजळताना दिसतो. गडावर जायचा मोह मात्र आवर, पाय पुढच्या चढाला लागणार आहेत. ठोसेघरपर्यंत चढ, त्याच्या पुढंही चढ. नोव्हेंबरात धबधब्याची धार बारीक झालेली असते, गर्दीही नसते, कठड्याशी पाच मिनिटं टेकू आणि पुढं जाऊ.

चाळकेवाडीच्या पठारावर आलं की पवनचक्क्या. लांबून त्या शोभेच्या वाटतात, जवळ गेल्यावर दचकायला होतं. रस्ता एखादीच्या बुडाजवळून जातो तेव्हा पात्यांची सावली डांबरावरून सरकत येते, अंगावरून जाते, आणि आपली मान आपोआप खाली जाते. दरवेळी! आवाज म्हणशील तर कुणीतरी मोठं धोतर झटकतंय असा. वारा समोरून असला तर सपाटीवरही लहान गिअर घालून रेटावं लागतं, तेव्हा लाजू नकोस, मीही तेच करते. पठारावर पाणी आणि चहा दोन्हीचे वांधे आहेत, म्हणून बाटल्या ठोसेघरलाच भरून घ्यायच्या. पलीकडे पाटणकडे उतार सुरू झाला की भाताची खाचरं दिसायला लागतात. माणदेशातून आलेल्या माणसाला हा आपलाच जिल्हा आहे हे खरं वाटत नाही. तिकडे वर्षाला ५०० मिलिमीटर पावसासाठी आभाळाकडे डोळे, आणि इकडे कोयनानगरला ५,०००च्या आसपास.

पाटणला जेवण. अख्खा मसूर आणि भाकरी मागव, पनीर नको, प्लीज. तिथून कोयनानगर २०-२५ किलोमीटर, नदी सोबत, चढ अंगावर येत नाही. मुक्काम तिथंच.

धरण १०३ मीटर उंच, १९६४ साली पूर्ण झालं, आणि तीनच वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, तो भूकंप झाला. साताऱ्यातली म्हातारी माणसं अजून त्या पहाटेचं बोलतात. नेहरू उद्यानातून धरण छान दिसतं, लोक फोटो काढतात, आपणही काढू. पण त्या शिवसागराच्या तळाशी गावं आहेत, आणि तिथली माणसं ठाण्या-रायगडापासून सोलापूर-सांगलीपर्यंत पांगली. आपल्या घरातला दिवा त्या पाण्यावर लागतो, एवढं तिथं उभं राहिल्यावर मला दर खेपेला डाचतं. असो.

दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट. याच्यासाठीच मी तुला बोलावतेय, खरं सांगायचं तर. हेळवाकच्या पुढं थोडं चढलं की घाटमाथा, टपरीवर चहा आणि कांदाभजी, आणि मग जमीन एकदम संपते. खाली कोकण. दोन्ही बाजूंना रान आहे, कोयना अभयारण्य जवळच, ते आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाची आशा धरू नकोस. शेकरूचा आवाज आला तर वर बघ, आणि संध्याकाळी उशिरा या रस्त्यावर राहायचं नाही, गव्याचा भरवसा नसतो.

उतरताना कसं, ते नीट वाच. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, वळणात सोडायचे, पुन्हा पुढच्या वळणाआधी. मध्ये एकदोनदा थांबून रिमला बोट लावून बघ, चटका बसला तर पाच मिनिटं सायकल उभी कर. जड ट्रक मागं आला की त्याच्या ब्रेकचा जळका वास आधी येतो. त्याला पुढं जाऊ दे, त्याच्याशी शर्यत नको. वळणाच्या आतल्या बाजूला बारीक खडी साठलेली असते, तिथं चाक न्यायचं नाही. आणि उतरता उतरता हवा बदलते बघ! वर जर्किन घालून निघतो आणि पोफळीला पोचेपर्यंत मानेला घाम चिकटतो. शिरगावच्या आसपास फणसाची झाडं आणि चिऱ्याची घरं दिसायला लागली की देश मागं पडला म्हणायचं.

त्या दिवशी चिपळूणलाच राहायचं. तू म्हणशील, अजून दुपार आहे, गुहागर फक्त ४५ किलोमीटर. त्या "फक्त"वर जाऊ नकोस. कोकणातला रस्ता नकाशावर सपाट दिसतो आणि प्रत्यक्षात चढ-उतार, चढ-उतार, एकही चढ लांब नाही आणि एकही उतार पुरत नाही. शिवाय दमट ऊन. सकाळी निघून मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत दुपारच्या आत गुहागर गाठायचं. गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता, दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ, आणि वाडीतल्या बोळातून पलीकडे गेलं की सुरूची झाडं आणि समुद्र. ओल्या वाळूवर सायकल मस्त चालते. मात्र खोलीवर परतलं की पहिली गोड्या पाण्यानं धुवायची आणि चेनला तेल द्यायचं, तू नंतर आंघोळ कर. खाऱ्या पाण्यानं एका रात्रीत चेन तांबडी होते.

चौथ्या दिवशी पडशा टाकून रिकाम्या सायकलींनी अंजनवेलला जाऊ. गोपाळगडाजवळून वाशिष्ठीचं मुख दिसतं, म्हणजे आपल्या पाण्याचा पत्ता तिथं पुरा होतो. मग धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळ. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं, सायकलवर बसून जायचं नाही, हातात धरून चालायचं. बोटीत सायकल कठड्याला टेकवायची आणि गाड्या पुढं-मागं होताना तिच्याजवळच उभं राहायचं. पायांत जोर उरला असेल तर दाभोळहून पुढं दापोली, हर्णै. मला तरी चंडिकेचं दर्शन घेऊन परत गुहागरला मासे खायला यायला आवडेल.

परत यायला टेम्पो ठरवू. टपाला कॅरिअर असलेली एसटी आता क्वचितच दिसते, आणि कुंभार्ली चढून येण्याइतकी हौस माझ्यात नाही.

आता कास. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे, आणि तेव्हापासून तेरडा फुलला की सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. त्या धुरात चढ चढायचा म्हणजे शिक्षा. तू येशील तेव्हा फुलं संपलेली असतील, गवत पिवळं पडलेलं असेल, आणि रस्ता रिकामा. एका हाताला कण्हेरचं पाणी, दुसऱ्या हाताला उरमोडीचं. मधल्या वारी जाऊन येऊ, वाटलंच तर खाली बामणोलीपर्यंत. उतरलेलं सगळं परत चढायचंय, हे मात्र लक्षात ठेव.

सामान कमीच आण. जास्तीचे ब्रेक पॅड, दोन ट्यूब, मागचा लाल दिवा. तुझ्या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर तो पितळी अडॅप्टर विसरू नकोस, इकडच्या पंक्चरवाल्यांकडचं पाइपाचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं. पॅडची चड्डी घाल आणि वरून सैल कुडता, गावात चहाला थांबल्यावर बरं पडतं. बायकांच्या सोयीचं म्हणशील तर पाटण आणि चिपळूण ठीक आहे, मधे पेट्रोलपंप दिसला की सोडायचा नाही. पठारावर काहीच नाही, ते देवाच्या आणि झुडपांच्या भरवशावर.

कल्याणला कोयना एक्सप्रेस पकड, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये बुक कर, स्टेशनावर आधी जाऊन पार्सलवाल्याला विचारून घे. स्टेशन गावाबाहेर आहे, मी घ्यायला येते. तारीख या आठवड्यात कळव, कोयनानगरची खोली मला सांगून ठेवावी लागेल. कंदी पेढे जाताना घे, आधी घेतलेस तर घाटातच संपतील. काकूंना नमस्कार सांग, आणि गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुझी,
विजू