लेख गोळीचा, फोटो मशीनचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला थायरॉईडच्या रेडिएशनने रक्तवाहिन्या खराब होतात हा लेख आला आणि सकाळपासून आमच्याकडे फोनवर फोन, कारण माझ्या मेव्हणीला पुढच्या आठवड्यात थायरॉईडसाठी किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी घ्यायचीय आणि आता ती नकोच म्हणून बसलीय. अहो, लेख गोळीचा आणि फोटो कॅन्सरला शेक देतात त्या मशीनचा! मानेला बाहेरून शेक दिला तर मेंदूकडे जाणारी धमनी पुढे काही वर्षांनी अरुंद होऊ शकते, मान्य. पण गोळीतलं आयोडीन-१३१ बहुतेक थायरॉईडमध्येच जाऊन बसतं, त्याच्या मुख्य किरणांची मजल जेमतेम एक-दोन मिलिमीटर. दोन्ही एकाच कढईत कशाला ढवळता?

लेखातला इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचा १९९८ चा अभ्यास, ७,२०९ पेशंट, गोळी घेतलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताने मृत्यू जास्त, हे बरोबरच आहे. पण ते गोळीमुळे की मुळातल्या वाढलेल्या, म्हणजे जास्त काम करणाऱ्या थायरॉईडमुळे? त्याच मंडळींनी २००५ मध्ये परत बघितलं तर गोळीनंतर थायरॉक्सिन (थायरॉईडचं हार्मोन, औषध म्हणून) चालू झालेल्यांत ती वाढ दिसली नाही. हे छापायला जागा नव्हती बहुतेक.

आमच्या सौ.चं सांगतो. थायरॉईड वाढलेला, हात थरथरतात, छातीत धडधड, इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात फाईल जाड होईपर्यंत रिपोर्ट काढले पण एकानेही मनगट धरून नाडी बघितली नाही. घरच्या बीपी मशीनवर आकड्यांशेजारी हृदयाचं चिन्ह लुकलुकायला लागलं, मुलगा म्हणाला सेल बदला, नवे सेल टाकले तरी लुकलुकतंय, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे ईसीजी काढला तर ठोके अनियमित. अशाने हृदयात गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात, असं ते म्हणाले. आणि हे सगळं गोळीच्या आधी, बरं का! गोळी नंतर मुंबईला जाऊन घेतली. आता सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, वेळेवर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), ठणठणीत आहे.

तेव्हा नाडी बघा, गोळीनंतर टीएसएच चुकवू नका, एवढं दोन ओळीत छापा म्हणजे मेव्हणीला कात्रण दाखवता येईल, माझं ती ऐकत नाही.

आणि त्याच लेखाखाली पाव पान 'थायरॉईड मुळापासून बरा' चूर्णाची जाहिरात होती, त्याच्या साईड इफेक्टवर लेख कधी येतोय?

आपला,
एक जुना वाचक, इंदिरानगर, नाशिक