मेडिकलवाल्या काकांना, ट्यूब न दिल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझंही लिहीत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातलं, मागांचा खडखडाट रात्रभर ऐकू येतो त्या गल्लीतलं मेडिकल, एवढं वाचून तुम्हाला कळेल. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण टॉवेलच्या कारखान्यांत माझ्यासारखी पोरं पुष्कळ आहेत आणि अशा गोष्टी ती कुणाला विचारत नाहीत.

उन्हाळ्यात कारखान्यात अंगाला कापसाचे तंतू आणि घाम चिकटलेला असतोच, त्यामुळे खाज सुटली तेव्हा सगळे घामोळंच म्हणाले. पण पुरळ कमरेवरून जांघेत आणि पुढे गुप्तांगावर आलं, तेव्हा माझी झोप उडाली. काही महिन्यांपूर्वी एका व्यक्तीशी माझे संबंध आले होते. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. रात्री सगळे झोपले की मोबाईलवर फोटो बघायचो आणि प्रत्येक फोटो माझ्याच अंगावरचा वाटायचा. एड्सच झालाय हे मी मनात पक्कं धरलं होतं. आईसमोर जेवायला बसलो तरी घास उतरत नव्हता.

कारखान्यातल्या एकाने खाजेच्या ट्यूबचं नाव सांगितलं आणि मी तुमच्याकडे आलो. दुकानात दोन बायका उभ्या होत्या. त्या जाईपर्यंत तुम्ही मला थांबवून ठेवलंत, मग काउंटरच्या आतल्या बाजूला, सलाईनच्या खोक्यांजवळ घेतलंत आणि म्हणालात, "हात दाखव." ट्यूबलाइटखाली माझी बोटं फाकवून तुम्ही बेचक्यांतले बारीक फोड बघितले. "रात्री जास्त खाजतं का? घरात अजून कुणाला?" पुतणी महिनाभर खाजवत होती, ते मला तेव्हा आठवलं.

"ही ट्यूब मी विकतो, पण तुला देणार नाही," असं तुम्ही म्हणालात. आणि कारण सांगितलंत. त्यात स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण पुरळाचं रूप बदलतं, मग डॉक्टरलाही ओळखता येत नाही. गजकर्ण असेल तर ते उलट पसरतं आणि जांघेतली नाजूक कातडी पातळ होते. अशा बऱ्याच ट्यूब चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात, तरी आपल्याकडे गोळ्या-बिस्किटांसारख्या खपतात. गिऱ्हाईक परत पाठवणं दुकानदाराला परवडत नाही हे मला कळतं, म्हणून त्या 'नाही'चं मोल मला जास्त वाटतं.

मग मी कसाबसा दुसरा, एड्सबद्दलचा प्रश्न विचारला. कुणाबरोबर, कशाला, हे तुम्ही काहीच विचारलं नाहीत. "खाज वेगळी, तुझी काळजी वेगळी. दोन्ही तपासून घे," म्हणालात आणि औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या आतल्या बाजूला लिहून दिलंत: सिव्हिल, त्वचा व गुप्तरोग ओपीडी. आयसीटीसी. १०९७. आयसीटीसी म्हणजे एचआयव्हीचं सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्र, १०९७ म्हणजे एचआयव्हीची सरकारी हेल्पलाइन.

सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी बघताक्षणी खरूज सांगितली. पुरुषांना खरजेत गुप्तांगावर गाठी येणं नेहमीचंच आहे. ती संबंधांतून लागू शकते, तशीच एका अंथरुणात झोपण्यातूनही लागते. पहिल्यांदा लागली तर खाज सुरू व्हायला दोन ते सहा आठवडे जातात. माझे संबंध त्याच्या कितीतरी आधीचे, आणि पुतणीची खाज माझ्या आधीची. हिशोब डॉक्टरांनीच घालून दिला.

त्यांनी पाच टक्के परमेथ्रिनचं मलम दिलं. मानेपासून तळपायापर्यंत, बेचकी आणि नखांखालीसुद्धा, रात्री लावून सकाळी अंघोळ. आठवड्याने परत एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो नसो. पुतणीसाठी कसं लावायचं ते वेगळं सांगितलं. कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकले, जाड चादरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या, कारण अंगावरून सुटलेला खरजेचा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. मलमानंतरही खाज दोन-चार आठवडे राहू शकते, हे आधी सांगितलं नसतं तर मी परत घाबरलो असतो.

आयसीटीसीत समुपदेशक ताईंनी दार लोटून घेतलं, संमती घेतली, मगच रक्त काढलं. तपासणी मोफत. अहवाल माझ्या संमतीशिवाय कुणाला सांगायचा नाही, असा २०१७ चा कायदाच आहे. संबंध होऊन तीन महिने झाले नसतील तर तपासणी परत करावी लागते, हेही त्यांनी समजावलं. माझे तीन महिने उलटले होते. एचआयव्ही निगेटिव्ह आला, सिफिलिस या गुप्तरोगाचीही तपासणी स्वच्छ आली. पॉझिटिव्ह आला असता तर एचआयव्हीवरच्या, म्हणजे एआरटीच्या, गोळ्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतात, रोज घेतल्या तर माणूस नीट जगतो, असं त्या आधीच बोलून गेल्या होत्या. तेवढ्याने अहवालाची वाट बघणं सोपं गेलं.

एक गोष्ट कारखान्यातल्या पोरांसाठी लिहितो, कारण मला ती तपासणीला गेल्यावरच कळली. सिफिलिसचं पुरळ बहुधा खाजत नाही, तळहात-तळपायांवरही येतं. म्हणजे खाज नाही म्हणून निर्धास्त राहू नका, आणि खाज आहे म्हणून मनातल्या मनात मरूही नका.

काका, घरी मी खरजेचं सगळं सांगितलं, दुसरं नाही. ते माझ्यापुरतं राहू शकलं, ते तुम्ही दुकानातल्या बायका जाईपर्यंत थांबलात तिथपासून. त्याचे आभार कसे मानायचे मला कळत नाही. मनापासून मानतो.

एक विनंती आहे. दुकानाच्या काचेवर १०९७ चा कागद लावाल का? फोन फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही. मराठीतला आणि तेलुगूतला मजकूर मी लिहून देतो. कन्नडसाठी आमच्या खात्यातला एक जण तयार आहे.

तुमचा,
मागावरचा एक कामगार