मामा, तुमच्या शून्य ते शंभरसाठी आभार

प्रिय मामा,

शाळेतली मुलंच काय, आता आम्ही बायाही तुम्हाला मामाच म्हणतो, तेव्हा पत्रातही तेच राहू द्या. नाव कुठे लिहायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. जाहीर आभार मानायचे नाहीत ही दुसरी अट मात्र मला मान्य नाही. भाचीला सोडायला आलेला माणूस दुपारी चारपर्यंत आमच्या ऑफिसातल्या डुगडुगत्या टेबलावर लॅपटॉप घेऊन मुलांच्या प्रगतीचे आलेख दुरुस्त करत बसतो, मिहानमधली ड्युटी त्यासाठी बदलून घेतो आणि वर म्हणतो, 'काही विशेष केलं नाही बाई'. याला उत्तर जाहीरच द्यायला हवं.

हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडं सांगते. आमची शाळा बौद्धिक दिव्यांग मुलांची. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने अशा मुलांसाठी तयार केलेली एफएसीपी नावाची कौशल्यांची यादी आम्ही वापरतो. वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक असे तिचे विभाग. मुलाला काय काय जमतं त्यावरून दर सत्राला टक्के काढायचे. 80 टक्के झाले की मूल पुढच्या पातळीवर. करमणुकीचा पाचवा विभागही आहे, पण तिथे टक्के नसतात, श्रेणी असते. पालकांसाठी सगळ्यात जिव्हाळ्याचा विभाग वैयक्तिक. त्याचे आम्ही सहा तुकडे पाडले आहेत: जेवण, शौच, दात घासणे, आंघोळ, कपडे, नीटनेटकेपणा. घरी आई रोज जे करते, तेच इथे आकड्यांत असतं.

हे आकडे तक्त्यात दिले की पालक शेवटची ओळ बघून कागदाची घडी घालतात. म्हणून एका स्वयंसेवकाने चार्ट डॉट जेएस ही लायब्ररी, म्हणजे आलेख काढणारा तयार कोड, वापरून रडार आलेख बसवून दिला होता. सहा दिशांना सहा कौशल्यं, मध्ये मुलाचा आकार. लायब्ररी फुकट आणि खुली, इंटरनेट नसलं तरी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालते. तो मुलगा पुढे नोकरीसाठी बाहेरगावी गेला. आलेख येत राहिले आणि चित्रं भलतंच बोलू लागली.

हिंगण्याहून येणारी ती आई तुम्हाला आठवत असेल. दोन सत्रांचे दोन कागद शेजारी धरून ती म्हणाली, 'माह्या पोराचा यंदा एवढासाच काऊन?' पहिल्या कागदावर चांगला भरलेला आकार, दुसऱ्यावर मध्यात आक्रसलेला आणि एकाच बाजूला सुळका. खरं तर पोरगा सहाही बाबतीत पुढे गेला होता. पहिल्या सत्रात त्याचे आकडे 35 ते 50 च्या दरम्यान होते. दुसऱ्यात पाच आकडे 48 ते 55 झाले आणि जेवण थेट 90. तो आता स्वतःच्या हाताने वरण-भात कालवून खातो. आणि कागद सांगत होता की पोरगा लहान झाला.

तुम्ही तो कागद घेतलात, खुर्ची ओढलीत आणि पहिला प्रश्न विचारलात तो कोडचा नव्हता. 'बाई, या चित्राचं केंद्र म्हणजे किती?' खोलीतल्या कुणालाच सांगता येईना, कारण केंद्र दर कागदावर वेगळं होतं. तुम्ही वेगळं काही बजावलं नाही, तर ही लायब्ररी समोर आलेल्या आकड्यांवरूनच पट्टी ठरवते. सगळ्यात लहान आकडा केंद्राशी जातो, सगळ्यात मोठा कडेला. एका सत्रात एकच आकडा 90 वर गेला की पट्टी लांबते आणि बाकीचे बिचारे मध्याकडे ढकलले जातात. पट्टी शून्यापासून सुरू करण्याची सोय आहे, पण ती आपणहून लागू होत नाही.

मग तुम्ही जुनी फाइल उघडलीत. त्यात 'बिगिन ॲट झीरो', म्हणजे शून्यापासून सुरू कर, असं लिहिलेलं होतं! सूचना असूनही पाळली जात नव्हती. त्याचं कारण मला फार आवडलं, म्हणून इथे लिहितेच. तो नमुना लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळातला होता. तेव्हा रडारची पट्टी 'स्केल' या एकवचनी नावाखाली लिहीत. 2021 च्या एप्रिलमध्ये तिसरी आवृत्ती आली आणि रडारच्या पट्टीचं घर 'स्केल्स'च्या आत 'आर' नावाच्या खोलीत हलवलं गेलं. आमच्या कॉम्प्युटरवर लायब्ररी नवी आणि सूचना जुन्या पत्त्यावर. अशा वेळी लायब्ररी कुरकुरत नाही, लाल अक्षरं दाखवत नाही. न ओळखलेली सूचना सोडून देते आणि आलेख काढून मोकळी होते. त्यावर तुमचं वाक्य: 'आता हे बोंबलत नाही ना बाई, म्हणून कुणाला समजून नाही राहिलं.'

मी म्हटलं, मग तीच ओळ नव्या जागी ठेवू या. तुम्ही ऐकलं नाही. शून्यापासून सुरुवात झाली तरी वरचं टोक हलतंच राहील, म्हणालात. 'सजेस्टेड मॅक्स', म्हणजे सुचवलेलं वरचं टोक, दिलं तर ती नुसती शिफारस ठरते. आकडा त्याच्या पुढे गेला की पट्टी लांबते. इतर कामांत ते सोयीचं असतं. आपले टक्के शंभराच्या पुढे जाणारच नाहीत, तर 'मिन' शून्य, 'मॅक्स' शंभर, पायरी वीस-वीसची, विषय संपला. आज माझ्या कपाटातल्या प्रत्येक मुलाच्या प्रत्येक कागदावर केंद्र म्हणजे शून्य आणि कड म्हणजे शंभर. हिंगण्याच्या आईला नवे दोन कागद दिले. ती बोलली काही नाही, बोटाने सुळक्यापर्यंतची रेघ मोजली आणि कागद फोटो काढायला मोबाइलसमोर धरला.

यापुढचं तुम्ही केलं नसतंत तरी आम्ही खूशच होतो. पण तुम्हाला स्वस्थ बसवेना. पालकसभेत दोन बाबा आपापल्या मुलांचे आलेख एकावर एक ठेवून 'कुणाचा मोठा' बघत होते, ते तुमच्या नजरेला पडलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तुम्ही दोन षटकोन काढलेत. दोन्हींत तीन कौशल्यं 90 वर, तीन 30 वर. एकात ती एकाआड एक, दुसऱ्यात 90 वाली तीन शेजारी-शेजारी. आकडे तेच, पण दुसऱ्या आकाराचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट! अक्षांचा क्रम बदलला की आकार फुगतो किंवा आटतो, मुलात काडीचा फरक न पडता. शिवाय सगळे आकडे 40 चे 80 झाले, म्हणजे दुप्पट, तर क्षेत्रफळ चौपट होतं. पंधरा वर्षं शिकवते आहे, पण हे मला कुणी असं फळ्यावर मांडून दाखवलं नव्हतं.

म्हणून आपण ठरवलं: एका कागदावर एकच मूल. त्याच्या मागे त्याचंच मागचं सत्र, फिकट तुटक रेघेत. दुसऱ्या मुलाशी तुलना होईल असं काही नाही. अक्षांचा क्रम सगळ्यांना एकच, जेवण सदैव वर बाराच्या काट्यावर आणि पुढे घड्याळाच्या दिशेने. रंग भरायचा की नाही यावर आपला वाद झाला. तुमचं मत होतं भरूच नये, कारण रंग भरला की डोळा क्षेत्रफळच बघतो. मला रंग हवा होता, कारण नुसत्या रेघेला पालक 'जाळं' म्हणतात. शेवटी अगदी पातळ रंग ठेवला. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं. 80 टक्क्यांची खूण मात्र तुमची. सहाही ठिकाणी 80 असलेली आणखी एक मालिका, ठिपके शून्य आकाराचे, रेघ तुटक, आत रंग नाही. आता आई-बाबांना सांगायचं एवढंच, की पोरगा या कुंपणापर्यंत पोचायचा आहे.

करमणुकीची श्रेणी आलेखात घालायचा माझा हट्ट तुम्ही मोडलात, त्याचे वेगळे आभार. अ म्हणजे 100, ब म्हणजे 75 असं करू या, असं मी म्हणत होते. 'ब म्हणजे 75 हे कुणी ठरवलं?' एवढंच विचारलंत. ती श्रेणी आता कागदाखाली एका ओळीत लिहितो. मूल आजारी असल्यामुळे एखादं कौशल्य तपासायचं राहिलं, तर तिथे शून्य भरायचं नाही, 'नल', म्हणजे 'आकडाच नाही', असं ठेवायचं, हेही तुमचंच. तिथे रेघ तुटते. 'स्पॅन गॅप्स' चालू केलं तर ती जोडून घेता येते, पण तुम्ही तुटलेलीच ठेवलीत. तपासलं नाही ते दिसू दे, म्हणालात.

किरकोळ कामांची यादी करत नाही, पण देवनागरीचं सांगितलंच पाहिजे. कौशल्यांची नावं मुळात दहाच्या आकाराची येत होती, चष्म्याशिवाय वाचता येईनात. ती सोळाची केलीत. 'नीटनेटकेपणा' कडेला कापला जायचा, कारण आलेख कॅनव्हासवर आधी काढला जायचा आणि आपला फॉन्ट मागाहून पोचायचा, त्यामुळे अक्षरांची मापं चुकायची. फॉन्ट आल्याची खात्री झाल्यावरच आलेख काढायचा, एवढी एक ओळ घातलीत. 'लोकेल' या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी भारत लिहिल्याबरोबर पट्टीवरचे आकडे २०, ४०, ६० असे आपल्या अंकांत उमटले, तेव्हा आमच्या मावशी ऑफिसात येऊन बघून गेल्या. आलेखाची प्रतिमा मोबाइलवर पाठवली की काही फोनवर काळ्यावर राखाडी अक्षरं दिसायची, कारण प्रतिमेला पार्श्वभूमीच नव्हती. मागे पांढरा रंग भरणारा छोटा तुकडा तुम्ही जोडलात. बर्डीवर झेरॉक्स काढली तरी दोन सत्रं वेगळी ओळखू येतात ती तुटक रेघेमुळे. आमच्याकडे रंगीत छपाईला पैसे कधी असतात?

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही फाइलमध्ये प्रत्येक सेटिंगच्या वर मराठीत एकेक वाक्य लिहून ठेवलं आहे ना, 'हे बदललं तर जुन्या कागदांशी तुलना होणार नाही' वगैरे, ते आमच्या नव्या शिक्षिकेने छापून कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे. तिला जावास्क्रिप्टचं ओ की ठो येत नाही. तरी मागच्या आठवड्यात सामाजिक विभागाचा आलेख तिने एकटीने लावला आणि 'मॅक्स' शंभर आहे ना, हे मला दोनदा विचारलं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिराच उघडतात, तेव्हा पुढची पालकसभा जुलैत होईल. त्या दिवशी खापरीहून मेट्रोने सरळ बर्डीला उतरा, तिथून आमचे शिपाई गाडीवर घेऊन येतील. तर्री पोहे शाळेकडून. आणि हो, कामठीकडून येणाऱ्या काही घरांना लेबलं हिंदीत हवी आहेत. 'शौच' आणि 'भोजन' जमलं, 'नीटनेटकेपणा'ला 'साफ-सफाई' चालेल का, की आणखी काही घालू? तेवढं कळवा, म्हणजे मी फाइल तयार ठेवते.

तुमची,
शाळेतली बाई
नागपूर