आपबीती नको, नेमणूक द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लैंगिक अत्याचारातून सावरलेल्या स्त्रियांनी पीडितांसाठी काम करावे, असे भाषणांत नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात त्यांना महिला दिनाला आपबीती सांगायला बोलावतात आणि शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतात. पीडित स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सखी केंद्रात, रुग्णालयात, कोर्टाच्या व्हरांड्यात त्या पगारी कर्मचारी म्हणून हव्यात.

हे काम धीर देण्यापुरते नाही. तक्रार द्यायची की नाही हे ठरले नसले तरी रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, मोफत प्रथमोपचार नाकारू शकत नाही, हे पीडितेला आधी सांगावे लागते. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात, त्याही जितक्या लवकर तितक्या बऱ्या. पुढे त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. मळमळते किंवा घरच्यांपासून लपवाव्या लागतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्या सुटतात. तेव्हा विचारपूस करणारे कोणी असावे लागते. कपडे धुवायचे नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीतही कोंबायचे नाहीत. ओल राहून बुरशी धरते आणि पुरावा जातो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावेत. पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा पाठपुरावा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा लागतो.

खरी अडचण भाषेची आहे. मुलगी अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत सांगते, जबाब प्रमाण मराठीत उतरतो. लाजेने वापरलेल्या आडवळणी शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याने आपल्या समजुतीने लावलेला असतो. उलटतपासणीत तोच फरक ‘विसंगती’ म्हणून पुढे येतो. बालकांवरील लैंगिक अत्याचारासाठीच्या पॉक्सो कायद्याने दुभाषाची आणि २०२० च्या नियमांनी सपोर्ट पर्सनची, म्हणजे तपासात व खटल्यात मुलासोबत राहणाऱ्या मदतनीसाची, तरतूद केली आहे. दोघांच्या याद्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायच्या असतात. त्यात पावरी जाणणाऱ्या किती, हे कोणी पत्रकाराने विचारावे. दुभाषा आणि सपोर्ट पर्सन मात्र एकच नसावी. तिच्या भाषांतरावर वकील लगेच शंका घेतील.

सोसलेल्या बाईला नेमायचे तर काही पथ्ये पाळावीच लागतात. ‘माझ्याबाबतीतही असंच झालं’ हे वाक्य मायेचे असले तरी साक्षीपूर्वी घातक ठरते. साक्षीदार पढवला, असे म्हणायला बचाव पक्षाला तेवढे पुरते. घटनेच्या तपशिलावर तिने बोलूच नये. कोर्टाची खोली दाखवावी, कोण कुठे बसते ते सांगावे, मध्ये थांबायला मागता येते हे सांगावे. तिचा स्वतःचा खटला चालू असेल तर त्या पोलीस ठाण्याचे प्रकरण तिच्याकडे देऊ नये. आपल्यासारखेच प्रकरण आले तर कारण न सांगता ते दुसरीकडे सोपवण्याची मुभा तिला हवी. पंधरवड्याला तासभर अनुभवी समुपदेशकाशी बोलणे हा कामाच्या वेळेचाच भाग धरावा. हे नसेल तर झोप उडते, चिडचिड वाढते आणि चांगली कार्यकर्ती वर्षभरात काम सोडते. मग आपण म्हणतो, ‘तिला झेपलं नाही.’

मानधनाचे तर विचारूच नका. सेवाभावाच्या नावाखाली आधी त्यालाच कात्री लागते.

समाजकार्याच्या पदवीची अट धडगाव, अक्कलकुव्यात शिथिल करावी. दहावी झालेल्या, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बायकांना प्रशिक्षण देऊन सहा महिने अनुभवी कार्यकर्तीबरोबर ठेवावे आणि मगच स्वतंत्र प्रकरण द्यावे. जिल्हा नियोजनातून एवढा खर्च निघू शकतो. नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा.

आपली,
एक समुपदेशक, शहादा
(कृपया नाव छापू नये.)