माझ्या मुलीच्या तोंडात पहिली बाटली कोणी घातली? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी इंदूरची, सुदामा नगरात राहते. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी आमची इथली ही तिसरी पिढी. माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. आपला वेळ घ्यायचा नव्हता पण काल दुपारी तिला पाजत असताना मोबाईलवर मेसेज आला की माझी तक्रार बंद करण्यात आली आहे, आणि कारणाच्या जागी लिहिलंय, तक्रारकर्ती समाधानी. मला कोणाचा फोन आला नाही, घरी कोणी आलं नाही, एक कागद मागितला नाही. मी समाधानी आहे हे कोणी कोणाला विचारून लिहिलं, एवढं मला आपण सांगावं.

तक्रार काय होती तेही सांगते, कारण ती कोणी वाचलीय असं मला वाटत नाही. 14 जुलैला एका खासगी अस्पतालात माझं सिझर झालं. नाव तक्रारीत आहे, इथे लिहीत नाही. सकाळी अकराला मुलगी झाली, मला लांबून दाखवली आणि नेली. पहिल्या तासात बाळाला छातीला लावायचं असतं हे मी वाचून ठेवलं होतं आणि नवऱ्याला बजावूनही ठेवलं होतं. त्याने दोनदा जाऊन विचारलं. ‘अभी माँ होश में नहीं है’ असं उत्तर मिळालं. मी पूर्ण शुद्धीवर होते हो, कमरेखाली बधिर होते, एवढंच. संध्याकाळी पाचला मुलगी माझ्या कुशीत आली तेव्हा ती गाढ झोपलेली, आणि ओठाच्या कोपऱ्याला पांढरं काहीतरी वाळून चिकटलेलं. मी बोटाने पुसलं, वास घेतला. डब्याचं दूध.

सिस्टर म्हणाल्या बेबी रडत होती, तुम्हाला दूध उतरलेलं नाही, तीस एमएल मजेत प्यायली. तीस एमएल! पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला चहाचा चमचाभर पुरतं, पाच-सात एमएल. आणि दूध उतरलं नाही हे बघितलं कोणी, मला एकदाही लावून न बघता? पहिले दोन-तीन दिवस भरभरून दूध येतच नसतं, चीक येतो, पिवळसर, घट्ट, थेंब थेंब, आणि बाळाला तेवढाच हवा असतो, रोगांशी लढायची पहिली ताकद त्यातच असते. माझी आजी गाई सांभाळायची, वासराचं पोट चिकाने भरल्याशिवाय खरवसासाठी थेंब काढू द्यायची नाही. वासराला मिळतो तो हक्क माझ्या मुलीला शहरातल्या एसी अस्पतालात मिळाला नाही.

पुढचं ऐका. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या खाली त्या डब्याचं नाव लिहिलेलं, कितीला किती चमचे तेसुद्धा. नर्सरीच्या बाहेर भिंतीवर त्याच कंपनीचं गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर. महोदय, 1992 साली देशात कायदा झालाय, 2003 साली तो आणखी कडक केला. बाळाच्या दुधाची जाहिरात करायची नाही, फुकट डबे वाटायचे नाहीत, दवाखान्यात त्याचा प्रचार करायचा नाही, डॉक्टर-नर्सला भेटी द्यायच्या नाहीत. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आईचं दूध सगळ्यात चांगलं, हे त्या डब्यावरसुद्धा मोठ्या अक्षरात छापावं लागतं. इंदुरात आजवर किती जणांवर या कायद्याखाली कारवाई झाली, मला फक्त एक आकडा द्या. मी कॅलेंडरचा फोटो आणि डिस्चार्जचा कागद दोन्ही तक्रारीला जोडले होते.

आता माझं काय झालं ते. तिसऱ्या रात्री दूध उतरलं तेव्हा छाती दगडासारखी कडक झाली, काखेपर्यंत गाठी, अंगात ताप, आणि मुलगी तोंड फिरवायची. बाटलीत न ओढता येतं ना, तिला तीच सवय लागली. जबरदस्तीने लावलं तर नुसतं टोक चावायची. दोन दिवसांत दोन्ही निपल फुटले, कपड्याला रक्त लागायचं. पोटाला टाके, उठताना जीव जायचा, आणि येणारा जाणारा प्रत्येक माणूस विचारायचा, दूध पुरतं का गं. सासूबाई अळिवाची खीर करत होत्या, शतावरी देत होत्या, बाळंतशोपा, मेथीचे लाडू, सगळं. दूध होतं हो. ते बाळाच्या तोंडात कसं जायचं हे कोणाला माहीत नव्हतं. मला वाटायला लागलं माझ्यातच काहीतरी कमी आहे. रात्री तीनला डब्याचं दूध कालवताना मी ओट्याला टेकून रडलेय, एकदा नाही, रोज. डब्यांना महिन्याला तीन-साडेतीन हजार लागणार असा हिशेब नवऱ्याने मांडला, आमच्या घरात तो छोटा आकडा नाही.

एकोणिसाव्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एक मावशी आल्या, पस्तीस वर्षं सरकारी वॉर्डात नर्स होत्या, आता रिटायर. त्यांनी आधी पंखा कमी केला, दार लावलं, मला मागे नीट टेकून बसवलं, मांडीवर उशी ठेवली. मुलीचं पोट माझ्या पोटाला, तिचं नाक निपलच्या समोर. म्हणाल्या, घाई करू नको, जांभई देते तेवढं तोंड उघडू दे, मग तिला छातीकडे आण, तू तिच्याकडे वाकू नको. निपलच्या भोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने जास्त आत गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. दोनदा नाही जमलं. दुखलं की करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवायची आणि पुन्हा लावायचं. तिसऱ्यांदा तिने ओढलं आणि मला आवाज ऐकू आला, घुट, मग थोडं थांबून परत घुट. पहिल्यांदाच दुखलं नाही.

बाटली त्यांनी त्या दिवशीच उचलून ठेवली. उरलेली भूक भागवायला हाताने काढलेलं दूध वाटीत घ्यायचं आणि बोंडल्याने पाजायचं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, रात्रीचं चुकवायचं नाही, कारण दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं. जेवढं ओढलं जाईल तेवढं पुढचं बनतं, म्हणून वरचं दूध पाजलं की अंगावरचं आपोआप कमी होतं. पुरतंय की नाही ते कोणाला विचारायचं नाही, ओले लंगोट मोजायचे, पाच दिवसांपुढच्या बाळाचे दिवसाला सहा तरी झाले पाहिजेत आणि वजन वाढलं पाहिजे. अकरा दिवसांत डबा सुटला. मावशींनी एक रुपया घेतला नाही, डिंकाचे लाडू दिले तर म्हणाल्या तूच खा.

मंत्रीसाहेब, हे एवढंच लागत होतं. पाऊण तास, एक उशी आणि काम माहीत असलेली एक बाई. पहिल्याच दिवशी खाटेजवळ मिळाली असती तर माझे एकोणीस दिवस वाचले असते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो. एका कार्यक्रमाला मी मुद्दाम मुलीला घेऊन गेले होते, तीन आठवड्यांची होती. स्टेजवर फुलं, शाल, श्रीफळ, तासभर भाषणं, आईचं दूध अमृत आहे. मुलगी भुकेने रडायला लागली आणि त्या पूर्ण इमारतीत तिला पाजायला एक आडोसा नव्हता, मी बाहेर उभ्या रिक्षात ओढणी धरून पाजलं. तरीही परत आत गेले आणि एका अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. लेखी द्या, पंधरा दिवसांत कारवाई होईल, हा त्यांचा शब्द. पंधरा दिवसांचे जवळपास चार महिने झाले आणि कारवाई झाली ती माझ्या तक्रारीवर.

फायदे मला सांगू नका, मला पाठ आहेत. बाळाला जुलाब कमी, न्यूमोनिया कमी, कानाचं इन्फेक्शन कमी. लगेच पाजलं की गर्भाशय आकसतं, आईचं रक्त कमी जातं, पुढे स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर व्हायचा धोकाही कमी. सहा महिने फक्त अंगावरचं, पाणीसुद्धा नाही, आमच्या मे महिन्यातही नाही, कारण दुधातच बहुतेक पाणी असतं. मध चाटवायचा नाही, गुटी नाही. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न आणि दोन वर्षं किंवा पुढेही दूध चालू. हे इंदूरच्या प्रत्येक शिकलेल्या बाईला माहीत आहे. 2016 साली केंद्राने ‘माँ’ नावाचा कार्यक्रम काढला, माधुरी दीक्षित टीव्हीवर येऊन सांगून गेली. सांगून झालंय सगळं! करून कोण दाखवणार?

तुमचेच आकडे बघा, 2019-21 चा राष्ट्रीय सर्वे. देशात शंभरातली जवळजवळ 89 बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि पहिल्या तासात आईचं दूध मिळतं फक्त 42 बाळांना. म्हणजे अर्ध्याहून जास्त बाळांना मिळत नाही आणि त्यातली बहुतेक दवाखान्यातच जन्मलेली. बाळंतपणं घरात होत होती तेव्हा दोष दाईला देत होतात, आता कोणाला देता? 2020 च्या सरकारी आकड्यांत मध्य प्रदेशात हजारामागे 43 बाळं वर्षाच्या आत जात होती, केरळात 6. ही सगळी दुधामुळे गेली असं मी म्हणत नाही. पण ज्या राज्यात एवढी बाळं जातात तिथे फुकटचं, घरातलं, आईच्या अंगावरचं औषध पहिल्याच दिवशी बंद पाडणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, हे मला सहन होत नाही.

आणि हे फक्त अस्पतालाचं नाही. 26 आठवड्यांची सुट्टी कायद्यात आहे, 2017 पासून, पण माझं ऑफिस सहा माणसांचं, दहाच्या खालच्या दुकानांना-ऑफिसांना तो लागू नाही. मी तीन महिने बिनपगारी राहिले आणि आता दुपारी बाथरूममध्ये उभी राहून डबीत दूध काढते. आमच्याकडे भांड्यांना येते ती तर बावीस दिवसांचं बाळ सासूकडे टाकून कामावर आली, दुपारी तिचा ब्लाउज भिजतो, ती पदर पुढे ओढून भांडी घासते. तिच्या बाळाला घरी पाणी घालून पातळ केलेलं वरचं दूध. तिच्यासाठी कुठला कायदा आहे? हे शहर 2017 पासून सलग सात वर्षं देशात सगळ्यात स्वच्छ ठरलं. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी दारात येते, एक दिवस चुकत नाही, लाखो माणसांना ओला-सुका वेगळा करायला शिकवलंत. मनावर घेतलं की होतं, हे आम्ही रोज दारात बघतो. मग बाळंतिणीचं कोणी मनावर का घेत नाही? कचऱ्याला नंबर मिळतो म्हणून?

एक गोष्ट मात्र नीट लिहिते. काही जणींना खरंच दूध येत नाही, काही बाळं फार लवकर जन्मतात, आजारी असतात, तिथे डॉक्टरने सांगून, आईला विचारून वरचं दूध द्यावं लागतं. त्या आयांना कोणी नावं ठेवू नयेत. अशाच बाळांसाठी मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये 1989 सालीच दुधाची बँक सुरू झाली. माझं भांडण न विचारता दिलेल्या बाटलीशी आहे.

माझं मागणं थोडं आहे. तक्रार परत उघडा. सरकारी असो नाहीतर खासगी, जिथे बाळंतपण होतं तिथे पहिले तीन दिवस प्रत्येक बाईजवळ बसून शिकवणारी, सिझरवालीजवळ आधी बसणारी, शिकलेली सिस्टर ठेवा. आमच्या आशाताई जीव तोडून काम करतात पण त्यांना खासगी अस्पतालाच्या गेटच्या आत कोण येऊ देतं? रिटायर झालेल्या नर्सबाई प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांना मानधन द्या, त्या येतील. आणि डब्याचं नाव लिहिलेला एक तरी डिस्चार्जचा कागद हातात धरून कोणाला तरी कायदा लावा, माझाच कागद धरा, ओरिजिनल माझ्याकडे आहे.

14 जानेवारीला, संक्रांतीला, मुलगी सहा महिन्यांची होईल. त्याच दिवशी तिचं उष्टावण आणि बोरन्हाण करायचं ठरवलंय. त्याच्या आत मला फोन यावा. नंबर तक्रारीत आहे. नाही आला तर 15 तारखेला मी मुलीला घेऊन तुमच्या ऑफिसात येईन, दिवसभर बसेन, आणि तिला भूक लागेल तेव्हा तिथेच पाजेन.

आपली,
एक आई, सुदामा नगर, इंदूर