मॉलमध्ये गेलेच नव्हते

ति. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर 'रविवारी मॉलमध्ये गेले होते' म्हणाले ना, ते खोटं होतं. मी हिलब्रोला गेले होते. हो बाबा, तेच जोहान्सबर्गचं हिलब्रो, ज्याच्या बातम्या तुम्ही रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता. चहा घेऊन झाला असेल तरच पुढे वाचा.

एकटी नव्हते. ऑफिसातली मैत्रीण सोबत होती, जन्मापासून इथल्याच सोवेटो भागात वाढलेली. निघताना तिने माझी झडतीच घेतली. कानातले काढ, पर्स घरी ठेव, आणि फोन... आई, लोकलच्या गर्दीत तू पैसे जिथे ठेवायचीस तिथे. रस्त्यात उभं राहून नकाशा बघायचा नाही, बघायचाच असेल तर दुकानात शिरायचं. तिचा स्वतःचा फोन दोनदा गेलाय, एकदा सुरा दाखवून. त्यामुळे 'इथे काही होत नाही हो' असं मी लिहिणार नाही. होतं. अंधार पडल्यावर तीसुद्धा तिकडे पायी फिरत नाही.

गेलो टॅक्सीने. इथली टॅक्सी म्हणजे पंधरा जणांची व्हॅन, आपल्या गावाकडच्या वडापसारखी. रस्त्याच्या कडेला तर्जनी वर करून उभं राहिलं की 'शहरात जायचंय' असा अर्थ. कंडक्टर नसतो. मागचे लोक पैसे पुढे सरकवतात आणि ड्रायव्हरशेजारी जो बसेल त्याने हिशोब करून सुट्टे मागे पाठवायचे. मैत्रिणीने मला मुद्दाम तिथे बसवलं! मागून नोटा येतायत, चिल्लर येतेय, कोण दोघांचे म्हणतंय, कोण तिघांचे, तेही झुलूत. मला घाम फुटला. शेवटी दहा रँड कमी भरले. अख्खी गाडी हसली, आणि मागच्या एका बाईंनी मी त्यांना जास्त दिलेले दहा रँड पुढे धाडले. मी अकाउंट्सला आहे हे तिथे कुणाला सांगितलं नाही. उतरायच्या वेळी मात्र 'आफ्टर रोबोट!' असं मीच ओरडले. रोबोट म्हणजे सिग्नल.

हिलब्रोला लागूनच पाँटे नावाची 54 मजली गोल इमारत आहे, 1975 सालची, मधून वरपर्यंत पोकळ. वाईट दिवसांत त्या पोकळीत कित्येक मजले कचरा साचला होता, नंतर तो उपसला. तिथे राहणारा एक मुलगा आम्हाला अगदी तळाशी घेऊन गेला. मान वर केली तर विहिरीतून दिसावं तसं वाटोळं आभाळ, आणि वरच्या कुठल्यातरी खिडकीतून रेडिओवरची प्रार्थना.

बाबा, तिथून जवळच जुना तुरुंग आहे. 1908 मध्ये गांधीजींना ठेवलं होतं तो. आता त्या आवारात देशाचं घटना न्यायालय आहे, आणि पाडलेल्या कोठड्यांच्या विटा त्याच्या भिंतींत वापरल्यात. तुमच्या वतीने एका विटेला हात लावून आले.

दुपारी जेवायला मैत्रिणीच्या घरी, सोवेटोला. तिच्या आजीला सगळी गल्ली 'गोगो' म्हणते, गोगो म्हणजे आजीच. ताटात पाप, म्हणजे पांढऱ्या मक्याची घट्ट उकड, आणि सोबत मोगोडू. दोन घास झाल्यावर मला कळलं की ही तर वजडी! आई, जी तू बाबांना आयुष्यात कधी घरात शिजवू दिली नाहीस. मी दुसऱ्यांदा घेतली. हाताने जेवते हे बघून गोगो खूश झाली, मग काळजीने विचारलं, "तुमच्या मुंबईत माणसं ट्रेनच्या दारात लटकतात म्हणे? तू नाही ना लटकत?" मी मॉलवाल्या आवाजात 'छे' म्हणाले.

निघताना तिने तिच्या चाकालाकाची बाटली दिली. कांदा, टोमॅटो, मिरची असं तिखट तोंडीलावणं असतं ते. परतफेड म्हणून मी तुझा कांदा-लसूण मसाला कबूल करून बसलेय, तेव्हा पार्सलमध्ये या वेळी दोन पाकिटं टाक. एकावर 'गोगो' असं लिही, नाहीतर मीच संपवीन.

तुमची,
छकुली