आधी प्लग काढ

परळ, मुंबई
मंगळवार सकाळ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी ‘इथून आणलेल्या कपडे धुवायच्या मशीनमध्ये पाणीच भरत नाही’ म्हणालीस आणि फोन ठेवलास, तेव्हापासून ते मशीनच डोक्यात आहे. मी निघालो होतो, पान्ह्यांची पिशवीसुद्धा काढली होती. आईने दारात अडवलं. डोळ्याच्या ऑपरेशनला दहाच दिवस झालेत, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. आणि तूही म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही येऊ नका, माझं मी बघते.’ तर बघ. पण मी सांगतो त्या क्रमाने बघ. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. अक्षर मोठं आलंय, चष्म्याचा नवा नंबर अजून मिळायचाय.

सगळ्यात आधी प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून बाहेर आला पाहिजे. हात कोरडे हवेत, पायात रबरी चप्पल हवी. मग पुढचं.

मशीनमागचा नळ पूर्ण उघडलाय का, ते बघ. मग मशीन वीतभर पुढे ओढ. भिंतीला चिकटवलं की मागचा पाइप दुमडतो आणि वरून काहीच दिसत नाही. एकटीने ओढू नकोस, समोरच्या ताईंना हाक मार. सांडपाण्याचा पाइपही बघून घे. टेम्पोवाल्यांनी तो जमिनीवर टाकला असेल तर येईल तेवढं पाणी वाहून जातं आणि मशीन भरतच नाही. त्याचं तोंड कमरेएवढ्या उंचीवर अडकव.

आता मुख्य काम. नळ बंद कर, खाली बालदी ठेव आणि पाइप मशीनच्या बाजूने सोड. आत साचलेलं पाणी सांडेल, घाबरू नकोस. पाइप बसतो त्या तोंडात नखाएवढी प्लास्टिकची जाळी दिसेल. माझा संशय तिच्यावर आहे. गेल्या महिन्यात तुमच्या सोसायटीची टाकी धुतली म्हणाली होतीस ना? टाकी धुतली की तळाचा गाळ आणि गंजाचे खवले पाइपांत उतरतात आणि पहिल्या जाळीला जाऊन अडकतात. पक्कडीने जाळीचा मधला कंगोरा धरून हळूच ओढ. फाटली तर सगळा कचरा व्हॉल्व्हमध्ये जाईल. जुन्या टूथब्रशने घासून परत बसव. पाइप लावताना आतला रबरी वॉशर जागेवर आहे ना बघ, आणि आटे हातानेच आवळ.

वॉशरचं तुला काय सांगायचं म्हणा. दहा वर्षांची होतीस तेव्हा मजल्यावरच्या नळाचा वॉशर तू एकटीने बदलला होतास, आणि आख्खी चाळ बघायला जमली होती. मी ड्युटीवर होतो. घरी आलो तर नळ गळत नव्हता आणि तू अभ्यासाला बसली होतीस, एक शब्द बोलली नाहीस. मला शेजारच्या काकूंकडून कळलं. परवाही तसंच. तीन आठवडे हाताने कपडे धुतेस, चादरीसुद्धा, आणि आम्हाला कळतं कधी, तर आईने तुझ्या बोटांना पडलेल्या भेगा पाहिल्यावर. त्याचा राग आला मला, म्हणून ‘तिथे राहायची गरजच काय’ असं तोंडातून गेलं. तसं म्हणायला नको होतं. तुझ्या पगारावर तू घर चालवतेस, हे मी मजल्यावर किती जणांना सांगितलंय ते आईला विचार.

आणि हो, पाइप परत लावण्याआधी, सोडलेला असतानाच, त्याचं तोंड बालदीत धरून नळ उघड. झटक्यात नको, हळू. धार जोराची असेल तर दोष मशीनचा. करंगळीएवढीच असेल तर दोष दाबाचा, आणि मला आता तेच वाटायला लागलंय. तू सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावर म्हणजे पाण्याला जोर जास्त, असं लोकांना वाटतं. उलट आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, बार म्हणजे दाब मोजायचं माप. अशा बऱ्याच मशिनांना निदान ०.३ ते ०.५ बार लागतो, म्हणजे नळाच्या वर तीन ते पाच मीटर पाणी पाहिजे. तुझ्या नळापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत तेवढं असेल का? इथे तळमजल्यावर लाइनचं थेट पाणी, पहाटे पाचला मशीन लावलं की भराभर भरायचं. तेच मशीन तुझ्याकडे मुकं झालं, यात त्याचा दोष नसेलही.

एकतीस वर्षं पाणी खात्यात रस्त्याखालच्या व्हॉल्व्हची चावी फिरवली. शहापूरकडच्या तानसाचं, भातसाचं पाणी डोंगर ओलांडून मुंबईत येतं, आणि माझ्या मुलीच्या घरी शेवटच्या चार हातांत अडतं. रात्रपाळीला एकदा तू हट्टाने बरोबर आली होतीस, सहा-सात वर्षांची असशील. झाकण उचललं, टॉर्च तुझ्या हातात दिला, लांब चावी खाली सोडली. मी आटे फिरवत होतो आणि तू मोठ्याने मोजत होतीस. बेचाळीस म्हणालीस आणि खालून पाण्याचा घुमारा आला, तेव्हा तू माझी पँट घट्ट धरलीस. ‘बाबा, आलं,’ म्हणालीस. अजून ऐकू येतं मला ते.

तर दाबाचं असेल तर मालकांना विचारून छोटा प्रेशर पंप बसवता येतो, पैशांचं मी बघतो. तोवर झाकण उघडून बालदीने पाणी ओत, ड्रममधली पाण्याची पातळी कळली की मशीन कपडे धुणं सुरू करेल. खंगाळायच्या वेळी पुन्हा ओतावं लागेल. पण ओतताना प्रत्येक वेळी प्लग बाहेर. पॅनेलवर एक शिंतोडा नको. तळमजल्यावरच्या मावशींकडे काय झालं ते तू पाहिलंयस, मी पुन्हा लिहीत नाही.

मागे दोन तोंडं आहेत, गरमचं आपण कधी जोडलंच नाही. ‘हॉट’ लागलेलं असेल तर मशीन त्या बंद तोंडातून पाणी मागत बसेल. ‘कोल्ड’ लाव. पाइप जोडून, हात पुसून, मशीन सुरू केलंस की मागून बारीक घूं ऐकू येतं का बघ. घूं येतं पण पाणी नाही, तर जाळी किंवा दाब. आवाजच नाही, तर पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हची कॉइल गेली असेल. मग मेकॅनिक बोलाव, मागचं झाकण तू उघडायचं नाही. मीटरपाशी ‘टेस्ट’ लिहिलेलं आणि ३० एमए छापलेलं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, तेही बघ. ते बटण दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. नसेल तर मालकांकडून बसवून घे. पाण्याचं मला कळतं, मनू. विजेचं मला फक्त भय कळतं.

रात्री दहाला घरी येऊन हे करू नकोस. रविवारी उजेडात कर. आईने डिंकाचे लाडू केलेत आणि बोटांना लावायला कोकमतेल बांधून ठेवलंय, दादा येईल तेव्हा देईल. त्याच्याशी भांडू नकोस.

तुझे
बाबा

ता. क. जाळी निघाली की तिचा फोटो पाठव. मागे प्लग काढलेला दिसेल, असा.